तिरका केला तरी तो चौरसच

लहान मुलांबद्दलच्या या सदरात या महिन्यात रडणं, डबा परत आणणं आणि दुपारची झोप हे नेहमीचे विषय मागे पडले. ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांनी जणू ठरवून आकारांबद्दलच विचारलं आहे. शाळा सुरू होऊन दोनेक महिने झाले की असं होतंच: वर्गात आकारांचा तक्ता लागतो आणि घरी परीक्षा सुरू होते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे, ज्युनिअर केजीत जाते. तक्त्यावरचे सगळे आकार घडाघडा सांगते. पण चौरस कागद तिरका धरला की "हा डायमंड" म्हणते, आणि लांबट, निमुळता त्रिकोण काढून दाखवला तर "हा त्रिकोण नाही, काटा आहे" असं सांगते. नुसतं पाठांतर झालंय का?
— एक आई, कासारवडवली, ठाणे

तुमची मुलगी त्रिकोणाचं एक चित्र शिकली आहे, त्रिकोण अजून शिकायचा आहे. दोष तक्त्याचा. बाजारातला कुठलाही तक्ता उघडून पाहा. त्रिकोण म्हटला की तिन्ही बाजू सारख्या, पाया आडवा, टोक वर. चौरस ताठ उभा. आयत कायम आडवा पडलेला. त्यात प्रत्येकाला ठरलेला रंग. महिनोन्‌महिने हेच पाहिल्यावर "लाल, तळ सपाट आणि वर टोक" म्हणजे त्रिकोण, असा अर्थ मुलीने काढला तर नवल नाही.

"काटा आहे" हे उत्तरही तसं वाईट नाही. या वयात मूल आकार अख्खा पाहतं, बाजू आणि कोपरे सुटे करून पाहत नाही. नेदरलँड्समधलं शिक्षक दांपत्य डीना आणि पिएर व्हॅन हीले यांनी १९५७ मध्ये भूमितीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या. त्यातली पहिली पायरी हीच: समोशासारखा दिसतो म्हणून त्रिकोण. "तीन सरळ बाजू आहेत म्हणून त्रिकोण" ही पुढची पायरी नुसतं वय वाढल्याने येत नाही, समोर काय काय ठेवलं जातं त्यावर ती अवलंबून असते.

तर समोर काय ठेवायचं? जाड कागदाची बारा कार्डं कापा, आणि ती गोल कापा. साधारण १२ सेंटिमीटर व्यास. तेवढ्या तोंडाची वाटी पालथी घालून आखलं तरी चालेल. कार्ड गोल का, तर चौकोनी कार्डाला वरची-खालची बाजू असते आणि मूल कार्ड "सरळ" करून मगच उत्तर देतं. गोल कार्डाला सरळ-उलटं नसतं. सगळ्या आकृत्या एकाच काळ्या मार्करने, नुसती बाह्यरेषा काढून. रंग भरू नका.

यातल्या सात कार्डांवर त्रिकोण: एक नेहमीचा, तिन्ही बाजू सारख्या असलेला, एक काटकोनी, एक निमुळता, पाया २ आणि उंची ९ सेंटिमीटर, एक पसरट, आडव्या पडलेल्या हँगरसारखा, एक अगदी चिमुकला, सेंटिमीटरभराचा, एक कार्डभर मोठा, आणि एक कुठलीच बाजू कशाशी जुळत नाही असा वेडावाकडा. उरलेल्या पाच कार्डांवर त्रिकोणाचे तोतये. एकाची एक बाजू बाहेर फुगलेली. एकाच्या रेषा कोपऱ्यात मिळतच नाहीत, फट राहिली आहे. एकाचं टोक कापलेलं, म्हणजे मोजल्या तर बाजू चार. एकाच्या तिन्ही बाजू लाटेसारख्या. एकाचे कोपरे गोलसर, गिटार वाजवायच्या पट्टीसारखे.

कार्डं जमिनीवर पसरा आणि दोन ढीग करायला सांगा. पहिल्या दिवशी दुरुस्त्या करू नका, फक्त "कशावरून?" एवढंच विचारा. दुसऱ्या दिवशी तोतया आणि खरा शेजारी ठेवून कडेवरून तर्जनी फिरवायला लावा. बोट कुठे वाकलं, कुठे टोक लागलं, कुठे रेष संपली, हे डोळ्यांआधी बोटाला कळतं. पाच-सात मिनिटं पुरे. दहाव्या मिनिटाला तुम्हाला हवं ते उत्तर देऊन मूल सुटका करून घेतं आणि आपल्याला वाटतं, शिकलं.

घरातला उत्तम तोतया पोळपाटावरच असतो. घडीच्या पोळीसाठी लाटी दोनदा दुमडली की जी पाव घडी होते, तिला आपण सर्रास त्रिकोणी म्हणतो. पण तिच्या दोन कडा सरळ आणि तिसरी वाकडी. पिझ्झाच्या तुकड्याचंही तेच. हे मुलीला सांगू नका, तिला शोधू द्या.

आता चौरसाचं. कागदाचा ८ सेंटिमीटरचा चौरस टेबलावर ठेवा आणि तिच्यासमोर हळूहळू फिरवा. दर थोड्या वेळाने थांबून विचारा, "अजून चौरस आहे?" जिथे ती "नाही" म्हणेल तिथे हात काढून घ्या आणि तिलाच टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर जाऊन बघायला सांगा. कागद हललेला नाही, तीच हलली, आणि चौरस परत आला! बहुतेक मुलांना हे जादूसारखं वाटतं आणि चार-पाच वेळा करून बघावंसं वाटतं. पत्त्यांतला चौकट शेजारी ठेवलात तर आणखी मजा येईल. तो कसाही फिरवला तरी चौरस होत नाही, कारण त्याचे दोन कोपरे अरुंद आणि दोन पसरट आहेत.

साडेतीन वर्षांच्या मुलाला चौकोन काढता येत नाही, अंडं काढतो. शाळेतून वहीत शेरा आला आहे.
— आई, कोपरखैरणे

साडेतीन वर्षांच्या मुलाने अंडं काढलं तर ते योग्यच आहे. पाहून काढण्याचा क्रम ढोबळपणे असा असतो: तीनच्या आसपास गोल, साडेतीन-चारला अधिकचं चिन्ह, चार ते साडेचारला चौकोन, पाचच्या सुमारास त्रिकोण, आणि शंकरपाळ्याचा आकार सहा-सात वर्षांपर्यंतही धड जमत नाही. कोपऱ्यात हात थांबवायचा, दिशा बदलायची आणि पुन्हा सरळ निघायचं, हे मनगटाचं काम आहे. ओळखणं त्याच्या बरंच आधी येतं. म्हणून मुलाला चौकोन "येतो का" हे पेन्सिलीने तपासू नका, निवडायला सांगून तपासा. काढायचंच असेल तर ताटात पातळ थर रवा पसरून बोटाने, किंवा चार काड्या मांडून. ठिपके जोडायची वही आणखी वर्षभर कपाटात राहिली तरी काही बिघडत नाही. शेऱ्याखाली सही करा आणि शिक्षकांना भेटून हा क्रम शांतपणे सांगा.

नात इंग्रजी शाळेत. ती सर्कल म्हणते, मी गोल म्हणते, तिच्या बाबांचा वर्तुळाचा आग्रह. स्क्वेअरला मी चौकोन म्हटलं तर सून म्हणते चौरस म्हणा. पोरीचा गोंधळ होतोय की आमचाच?
— आजी, नौपाडा, ठाणे

थोडा तुमचा, पण तो मराठीचाच जुना पेच आहे. चौकोन म्हणजे चार कोन असलेली कुठलीही बंद आकृती. चौरस चौकोन आहे, आयत चौकोन आहे, शंकरपाळंही चौकोन आहे. रोजच्या बोलण्यात मात्र आपण स्क्वेअर या अर्थी चौकोन म्हणतो, मग आयत आला की त्याला वेगळं काय म्हणायचं ते सुचत नाही आणि "लांब चौकोन" निघतं. तेव्हा सूनबाईंचं बरोबर. नातीला सांगताना चौकोन हे आडनाव समजा. चौरस, आयत ही घरातल्या भावंडांची नावं. "हा चौकोन आहे, बरोबर. नाव काय त्याचं?" असं विचारता येतं. एक वाक्य मात्र टाळा: "हा आयत नाही, चौरस आहे." चारही कोपरे काटकोनी असल्याने चौरस हा आयतही असतोच. मोठ्या वर्गात हे शिकताना लहानपणीचं ते वाक्य आडवं येतं. नुसतं "हा चौरस" म्हणावं आणि पुढे जावं.

गोल हा शब्द लहानांसाठी उत्तम आहे, फक्त तो फार मोठा आहे. बांगडी गोल, पापड गोल, लाडूही गोल, डब्यालाही आपण गोल म्हणतो. नातीला घरंगळवून बघायला सांगा. लाडू किंवा चेंडू कुठल्याही बाजूने घरंगळतो. बांगडी उभी केली तरच धावते. डबा आडवा केला की घरंगळतो, उभा केला की जागचा हलत नाही. तळहातात फिरवून आणि जमिनीवर सोडून हा फरक कळला की "चेंडूसारखा गोल" आणि "बांगडीसारखा गोल" एवढं म्हटलं तरी पुरतं. वर्तुळ हा शब्द बाबा म्हणत असतील तर म्हणू द्या, कानावरून जाईल.

इंग्रजी-मराठीचा त्रास होत नाही, पण एकाच श्वासात "सर्कल म्हणजे गोल म्हणजे वर्तुळ" म्हणू नका. तुम्ही तुमच्या शब्दात बोला, शाळा तिच्या शब्दात बोलेल. आणि मराठीची बाजू इथे वरचढ आहे, आजी. त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षटकोन: मोजणी नावातच बसली आहे. पाच वर्षांच्या मुलीला एकदा "कोन म्हणजे कोपरा" कळलं, की पंचकोन न पाहताही ती त्याला पाच कोपरे देईल.

घर एका खोलीचं. महागडी लाकडी खेळणी परवडत नाहीत आणि ठेवायला जागाही नाही. घरच्या घरी आकार बसवायची पाटी करता येईल का? मुलगी अडीच वर्षांची.
— बाबा, घणसोली

येईल. आधी एक सावधगिरी: खोक्याच्या झाकणाला भोकं पाडून त्यातून पुठ्ठ्याचे आकार टाकायचा खेळ करू नका. त्या खेळाला जाड ठोकळेच लागतात. पातळ तुकडा उभा धरला की तो कुठल्याही भोकातून पत्रासारखा आत जातो, आणि मूल तेवढं लगेच शोधून काढतं. पातळ वस्तूसाठी खाचेची पाटीच बरी.

३० बाय ३० सेंटिमीटरचे दोन पुठ्ठे घ्या. सामानाच्या खोक्याचा कडक पुठ्ठा चालेल. पावसाळ्यात तो दमट होऊन मऊ पडतो, म्हणून जमलं तर स्टेशनरीच्या दुकानातला ५ मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका, कडक बोर्ड. वरच्या थरात चार भोकं कापायची, खालचा थर अखंड. मापं अशी घ्या: गोलाचा व्यास ८ सेंटिमीटर, चौरसाची बाजू ७, आयत १० बाय ५, आणि तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण १०.७ सेंटिमीटर बाजूचा, म्हणजे उंची जवळपास ९.३. ही मापं उगाच काढलेली नाहीत. चारही आकारांचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. त्यामुळे एकाचा तुकडा दुसऱ्याच्या खाचेत मावूच शकत नाही, आणि "मोठा तुकडा मोठ्या खाचेत" अशी पळवाट राहत नाही. बाजारातल्या स्वस्त पाट्यांत नेमकी हीच खोट असते: लहान गोल चौरसाच्या खाचेत खुशाल बसतो आणि मुलीला वाटतं, जमलं.

सरळ कडा लोखंडी पट्टी धरून कापा. गोल मात्र एका दमात कापायला जाऊ नका, कटरची पाती दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवा. जोर लावला की पुठ्ठ्याची कड चुरगळते. भोकातून निघालेला तुकडा तोच वापरायचा, पण त्याच्या सगळ्या कडा साधारण एक मिलिमीटर तासून घ्या. तसा नाही तासला तर तो घट्ट बसतो, मूल ठोकतं आणि कंटाळून सोडून देतं. तीन मिलिमीटर तासलात तर फिरवून जुळवायची गरजच उरत नाही, वरून टाकला की पडला आत, मग शिकणार काय? पुठ्ठ्याचे थर फेविकॉलने चिकटवा आणि वर जाडजूड पुस्तकं ठेवून रात्रभर राहू द्या. सनबोर्डमध्ये पाणी मुरत नाही, त्यामुळे दोन थरांमधला फेविकॉल ओलाच राहतो. तिथे दोन्हीकडून चिकटणारी टेप.

सगळे तुकडे एकाच रंगाचे ठेवा. वेगवेगळे रंगवले आणि खाचांनाही तेच रंग दिले, तर मुलगी रंग जुळवेल. तुकडा उचलायला वर मूठ हवी असं वाटेल, पण पाण्याच्या बाटलीचं झाकण चिकटवू नका. ते जेमतेम ३ सेंटिमीटरचं असतं. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळण्याचा सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावला तर तो धोक्याचा धरतात, आणि हे झाकण निघालं तर सरळ तिथे मावतं. त्यापेक्षा प्रत्येक खाचेच्या कडेला बोट जाईल एवढी अर्धगोल खोबण काढा.

सुरुवात चारही आकारांनी करू नका. पहिले दोन-तीन दिवस फक्त गोल आणि चौरस, बाकीच्या खाचा कागदाने झाका. गोल कसाही बसतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी यश मिळतं. चौरस फिरवावा लागतो. त्रिकोण आणखी. चौरस आणि आयत एकाच दिवशी नकोत, ते फार जवळचे नातेवाईक आहेत.

कधी विकत घ्यायचंच झालं तर आयएसआय चिन्ह बघून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे, नोंदणीकृत कारागिरांच्या वस्तूंसारखे मोजके अपवाद सोडून. फेरीवाल्याकडचा चकचकीत रंग नखाने खरवडून निघत असेल तर तिथेच ठेवून या.

अंगणवाडीत पंचवीस मुलं, वय तीन ते सहा. एकच खोली. तक्ता आहे, साहित्याची पेटी एकच. लहान मुलं पेटीतले तुकडे तोंडात घालतात, मोठी कंटाळतात. आकारांचा तास कसा घ्यावा?
— अंगणवाडी सेविका, दिघा, नवी मुंबई

ताई, पेटी कपाटात ठेवा आणि एक जुनी सुती साडी काढा. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर असते. तिची वीतभर रुंदीची लांब पट्टी फाडा आणि दोन्ही टोकांना गाठ मारून कडं करा. नायलॉनची दोरी घेऊ नका. मुलं ओढतातच, आणि तळहात सोलवटतात.

तीन मुलांना कड्याच्या आत उभं करून पट्टी कमरेमागून ताणायला सांगा. झाला त्रिकोण. बाकीची मुलं भिंतीला टेकून बसलेली, ती पंच. आता एका मुलाला चार पावलं लांब पाठवा, उरलेल्या दोघांना जवळ आणा: त्रिकोण निमुळता झाला, पण कोपरे तीनच. मग मधल्याला सावकाश चालवत बाकी दोघांच्या रेषेत आणा. पट्टी चपटी होते आणि त्रिकोण नाहीसा होतो! हे तीन-चार वेळा करावं लागेल, प्रत्येकाला नाहीसा करायचा असतो. चौथं मूल आत घेतलं की चौकोन. चौघांनाही न हलवता कोण चौकोनाचा पुन्हा त्रिकोण करून दाखवेल, हे सहा वर्षांच्यांना विचारा. एकाने पट्टी सोडायची, एवढंच आहे ते, पण सुचायला वेळ लागतो. आठ मुलं आत घेतली की आपण "गोल झाला" म्हणतो. खरं तर तो अष्टकोन असतो. मोठ्यांतलं एखादं मूल हे बोलून दाखवेल, तेव्हा त्याला गप्प करू नका.

फरशीवर खडूने आकार आखायचे असतील तर मापात आखा, हाताने काढलेला चौरस मुलांना चुकीचंच शिकवतो. दोन मीटरचा चौरस काढा आणि दोन्ही कर्ण सुतळीने मोजा; ते सारखे, म्हणजे साधारण दोन मीटर त्र्याऐंशी सेंटिमीटर आले, तर कोपरे काटकोनी आहेत. गोलासाठी मीटरभर सुतळीच्या एका टोकाला खडू, दुसरं टोक मदतनीस ताईंच्या अंगठ्याखाली. सुतळी सैल पडली की गोलाचं अंडं होतं, तेव्हा ताणून फिरवा. मग वयाप्रमाणे कामं: तिनाचे फक्त त्या आकारात जाऊन बसतील, चाराचे कडेवरून चालतील आणि कोपऱ्यात टाळी वाजवतील, पाचाचे टाळ्या मोजून नाव सांगतील. एकाच आकृतीवर तिन्ही गट, तक्त्याची गरज नाही.

परिसरातल्या वस्तूंनी शिकवायची वाट आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात रुळली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ पासून कोसबाडला. दोन्ही गावं आता पालघर जिल्ह्यात येतात. शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या हेच तिथलं साहित्य. तुम्हीही आपट्याची पानं, वडाची पानं, काड्या वर्गवारीसाठी घ्या. चिंचोके आणि मणी मात्र तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हाती नकोत, आणि गुंजा तर अंगणवाडीत आणूच नका: लालचुटूक दिसतात, पण बी विषारी आहे.

मोबाइलवर आकारांचे खेळ असतात, ते चालतील ना?
— आई, मानपाडा, ठाणे

करमणूक म्हणून थोडा वेळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, तीही कमी असेल तर बरं अशी पुस्ती जोडून. आकार शिकण्यापुरती अडचण वेगळीच आहे. बहुतेक खेळांत तुकडा खाचेच्या जवळ नेला की तो आपोआप वळून आत बसतो आणि टाळ्या वाजतात. फिरवून जुळवायचं काम, म्हणजे खरं शिक्षण, फोनने केलेलं असतं. कोपरा बोटाला टोचतही नाही.

मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा. प्राणी, गाड्या, रंग सगळं ओळखतो. "हे काय?" म्हणून आकार दाखवला की पळून जातो. डोळ्यांचा किंवा बुद्धीचा काही दोष असेल का?
— बाबा, खारघर

"हे काय?" हा प्रश्न तिसऱ्या टप्प्याचा आहे आणि तो पहिल्याच टप्प्यावर विचारला जातोय. फ्रेंच डॉक्टर एदुआर सेगँ यांची आणि मारिया माँटेसरींनी रूढ केलेली तीन टप्प्यांची पद्धत इथे उपयोगी आहे. पहिल्या टप्प्यात फक्त तुम्ही बोलायचं: कडेवर बोट फिरवून "हा गोल", "हा त्रिकोण". दोनच आकार, एकमेकांहून अगदी निराळे. दुसऱ्यात मुलाने हालचाल करायची: "गोल मला दे, त्रिकोण उशीखाली लपव, गोल डोक्यावर ठेव." इथेच सगळ्यात जास्त दिवस काढायचे, आठवडा गेला तरी चालेल. "हे काय?" हा तिसरा टप्पा, आणि तो दुसरा न चुकता जमायला लागल्यावरच. दुसऱ्यात चुकला तर "नाही" न म्हणता पहिल्यावर परत या.

दोष आहे का हे बघायचं तर नाव विचारू नका, जोडी लावायला द्या. दोन गोल, दोन चौरस, चारही एका रंगाचे. एक उचलून "याच्यासारखा दुसरा दे" म्हणा. जोडी लागत असेल तर काळजी सोडा. वेगवेगळ्या दिवशी, मूड चांगला असताना देऊनही जोडी लागत नसेल, किंवा वस्तू अगदी नाकाशी नेऊन बघत असेल, मान तिरकी करत असेल, एक डोळा मिटत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडून दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. आळशी डोळा, म्हणजे एका डोळ्याची नजर कमजोर राहणं, जितक्या लवकर सापडेल तितका उपचार सोपा. बोलणं, ऐकणं, खेळणं यांतही मागे वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

पाच वर्षांच्या नातीला रोज संध्याकाळी मिनी सीशोअरला फिरायला नेतो. वाटेत आकार दाखवतो, पण खिडकी चौकोन, चाक गोल, एवढ्यावर संपतं. पुढे काय?
— आजोबा, वाशी

"कुठला आकार?" हा प्रश्न आता तिला पुरत नाही. "तोच आकार का?" असं विचारायला लागा.

रस्त्यावरच्या पाट्यांपासून सुरुवात करा. लाल काठाचा त्रिकोण टोक वर करून उभा असतो, तो सावध करतो: पुढे वळण, पुढे शाळा. लाल काठाचा गोल मनाई करतो. निळा आयत माहिती देतो, इथे रुग्णालय, इथे पेट्रोल पंप. टोक खाली केलेला त्रिकोण दिसला तर तो "आधी दुसऱ्याला जाऊ द्या" सांगणारा, आणि थांबा म्हणणारी पाटी अष्टकोनी. सगळ्या एका फेरीत सापडणार नाहीत, तेच बरं. रोज एक शोधा. उलटा त्रिकोणही त्रिकोणच, हे तिला पटवायला याहून चांगला साक्षीदार नाही.

गटारांची झाकणं बघा. गोल झाकण कसंही फिरवलं तरी आपल्याच भोकातून आत पडत नाही. चौकोनी झाकण उभं करून तिरकं धरलं की कर्णाच्या दिशेने पडू शकतं, कारण कर्ण बाजूपेक्षा लांब. घरी पुठ्ठ्यावर करून दाखवता येईल. रेल्वेचा पादचारी पूल, क्रेन, हायटेन्शनचे मनोरे यांत त्रिकोणच त्रिकोण का, हे काड्यांनी कळतं. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केलेली जोडणी आहे: गूल खरवडून टाकलेल्या काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे दीड सेंटिमीटरचे तुकडे. चार काड्यांचा चौरस बोटाने ढकलला की त्याचं शंकरपाळं होतं. बाजू तेवढ्याच, कोपरे बदलले. तीन काड्यांचा त्रिकोण ढकलून बघा, हलत नाही. काड्या सगळ्या सारख्या लांबीच्या ठेवू नका, नाहीतर प्रत्येक त्रिकोण एकसारखाच निघेल. केरसुणीच्या हिरांचे १२, ९ आणि ६ सेंटिमीटरचे तुकडे करून द्या. १२-९-६ चा त्रिकोण होतो. १२-६-६ घेतले की तो होतच नाही, दोन लहान काड्या मोठीवर आडव्या पडतात. ती रुसून "काडी छोटी आहे" म्हणेल. बरोबर म्हणते आहे.

पदपथावरचे पेव्हर ब्लॉक षटकोनी असतील तिथे थांबा. तीन षटकोन एका टोकाशी येतात आणि मध्ये जराही फट राहत नाही. चौरसांनीही जमीन भरते, त्रिकोणांनीही. गोलांनी भरेल का, ते घरी नाण्यांवर करून बघा. एकाच किमतीची, एकाच आकाराची सात नाणी घ्या, एक मध्ये ठेवा. त्याच्याभोवती बरोबर सहा बसतात, न सातवं मावतं न जागा उरते. पण नाण्यांच्या मध्ये बारीक फटी राहतात. प्रत्येक फटीला तीन टोकं आहेत. ती त्रिकोण आहे का, हे नातीलाच ठरवू द्या, आणि ती "हो" म्हणाली तर कडेवरून टाचणीचं टोक तुम्ही फिरवा, तिला फक्त बघू द्या.